तारेची दोन टोके

वर्तमानपत्रात महासंगणकाचे छायाचित्र येते तेव्हा ते नेहमी समोरून काढलेले असते. काळ्या कपाटांची रांग, दारांवर रंगीत चित्र, बाजूला उभे असलेले मान्यवर. त्याच कपाटांची मागची दारे उघडली की जे दिसते ते कुणी छापत नाही. तिथे तारा असतात. गेली काही वर्षे मी पुण्यातल्या एका शैक्षणिक संस्थेत संगणक-समूहाची देखभाल करतो, आणि माझा बराचसा वेळ या मागच्या बाजूला जातो. कोणती तार कुठून निघून कुठे जाते, आणि ते तिच्या टोकाला गुंडाळलेल्या बोटभर चिठ्ठीवर कसे लिहिलेले असते, हा या लेखाचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. पण हवामानाचे, औषधांच्या रेणूंचे किंवा आकाशगंगांचे गणित वेळेत सुटते की रखडते, हे पुष्कळदा या चिठ्ठीवर अवलंबून असते.

आधी हे लक्षात घ्यावे लागेल, की आजचा महासंगणक हा एक संगणक नसतो. तो शेकडो संगणकांचा समूह असतो. १९९४ साली अमेरिकेत नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे संगणक इथरनेटच्या तारांनी एकमेकांना जोडले आणि एकच मोठे गणित त्यांच्यात वाटून दिले. या जोडणीला त्यांनी ‘बेओवुल्फ’ असे नाव ठेवले. आज विद्यापीठांतून दिसणारे बहुतेक समूह त्याच कल्पनेचे वारस आहेत. पुण्याला ही कल्पना नवखी नव्हती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने १९९१ साली ‘परम ८०००’ तयार केला, तो ट्रान्सप्युटर नावाच्या चिपवर. या प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत. चारांपैकी कोणती जोडणी कोणाला द्यायची, हा तेव्हाही यंत्ररचनेचा गाभ्याचा प्रश्न होता.

तारेला इतके महत्त्व का, याचे उत्तर वेळेत आहे. तांब्याच्या तारेतून संदेशाला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्‌झ वेगाच्या प्रोसेसरच्या घड्याळाचे १५ ठोके पडून जातात. म्हणजे तार लांबली की प्रोसेसर वाट पाहत बसतो. १९७६ मधला ‘क्रे-१’ वरून पाहिला तर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा वळलेला दिसतो. तो आकार शोभेसाठी नव्हता, आतल्या तारा आखूड राहाव्यात म्हणून होता. टाटा समूहाच्या ‘कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज’ने पुण्यात उभारलेला ‘एका’ नोव्हेंबर २००७ मध्ये जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत चौथा आला. त्याची कपाटेही नेहमीसारखी सरळ रांगांत नव्हती, जवळजवळ वर्तुळात मांडली होती. तारेने खोलीचा आकार ठरवावा, इतके तिचे वजन आहे.

आता स्विच. आपल्याकडे स्विच म्हटले की भिंतीवरचे दिव्याचे बटण डोळ्यांसमोर येते. हा स्विच वेगळा. ही एक चपटी पेटी असते आणि तिच्या तोंडावर ओळीने खाचा असतात. त्या खाचांना पोर्ट म्हणतात. ज्या दोन यंत्रांच्या तारा या पेटीत येतात ती एकमेकांशी बोलू शकतात. अडचण अशी, की पेटीला खाचा मोजक्याच असतात. ३६ खाचांच्या पेटीत ३६ यंत्रे मावतात. ७२ यंत्रे जोडायची तर काय करायचे?

या कोड्याचे उत्तर संगणकांच्याही आधी टेलिफोनवाल्यांनी शोधले होते. १९५३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या चार्ल्स क्लॉस यांनी दाखवले, की लहान लहान स्विच टप्प्याटप्प्यांत विशिष्ट रीतीने जोडले तर एका अजस्र स्विचचे काम होते आणि कोणाचाही फोन दुसऱ्याच्या फोनमुळे अडत नाही. १९८५ मध्ये चार्ल्स लायझरसन यांनी समांतर संगणकांसाठी ‘फॅट ट्री’ ही रचना मांडली. हे असे झाड, ज्याच्या फांद्या बुंध्याकडे जाताना जाड होत जातात. आज आम्ही जे जोडतो ते या दोन कल्पनांचे घरगुती रूप आहे.

आकडे घालून पाहू. समजा ७२ यंत्रे आहेत आणि ३६ खाचांचे स्विच आहेत. चार कपाटांत प्रत्येकी १८ यंत्रे बसवायची. प्रत्येक कपाटात एक स्विच. त्याला आपण पानाचा स्विच म्हणू. त्याच्या १८ खाचा खाली आपल्या यंत्रांकडे जातात आणि उरलेल्या १८ वर जातात. वर दोन बुंध्याचे स्विच आहेत. प्रत्येक पानाने ९ तारा पहिल्या बुंध्याला द्यायच्या आणि ९ दुसऱ्याला. चार पानांच्या नऊ-नऊ तारा मिळून प्रत्येक बुंध्याच्या ३६ खाचा बरोबर भरतात. खाली जितक्या तारा तितक्याच वर, म्हणून कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही. हीच रचना ३६ खाचांच्या स्विचांनी जास्तीत जास्त ६४८ यंत्रांपर्यंत नेता येते. त्याला ३६ पाने आणि १८ बुंधे लागतात, आणि तारा लागतात १,२९६.

कागदावर हे रांगोळीच्या ठिपक्यांइतके नेटके दिसते. कपाटामागे मात्र एकसारख्या दिसणाऱ्या काळ्या तारांचा जुडगा असतो. त्यातल्या दोन तारांची अदलाबदल झाली तर काय होते?

काही चुका आरडाओरडा करतात. इथरनेटच्या एकाच तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली, तर एक संदेश फिरत फिरत स्वतःच्या असंख्य प्रती काढतो आणि काही क्षणांत सगळे जाळे गुदमरते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये शोधला. स्विच आपापसांत बोलून गोल फिरणारी वाट स्वतःच बंद करतात. पण समूहातल्या बहुतेक चुका अशा ओरडत नाहीत. एखाद्या पानाच्या ९ आणि ९ ऐवजी १२ तारा एका बुंध्याला आणि ६ दुसऱ्याला गेल्या, तर काहीच बंद पडत नाही. आम्ही वापरतो त्या इन्फिनिबँड जाळ्यात एक व्यवस्थापक प्रोग्राम असतो. तो सगळ्या तारा धुंडाळतो आणि मिळेल त्या वाटांनी संदेश पाठवतो. हिरवे दिवे लागतात, गणितेही सुटतात. फक्त गर्दीच्या वेळी एका वाटेवर कोंडी होते आणि दुसरी मोकळी पडून राहते.

ही कोंडी दोन यंत्रांपुरती राहत नाही, हे यातले खरे दुखणे. वाटून दिलेल्या गणितात प्रत्येक पायरीनंतर सगळ्यांनी एकमेकांना आपापले उत्तर कळवायचे असते आणि मगच पुढची पायरी सुरू होते. हे पंगतीसारखे आहे. शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत पंगत उठत नाही. ७१ यंत्रे वेळेवर असली आणि एक सावकाश असले, तर सगळा समूह त्या एकाच्या चालीने चालतो.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका संशोधक विद्यार्थिनीने सांगितले, की प्रथिनांच्या हालचालीचे तिचे गणित कधी सहा दिवसांत होते, तर कधी नऊ दिवस घेते. प्रोग्राम तोच, आकडेही तेच. प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली होती आणि मार्गदर्शकांना तिच्या प्रोग्रामवरच शंका होती. जाळ्याला विचारले तेव्हा एका मिनिटात उत्तर आले: तिसऱ्या पानाची २७ क्रमांकाची खाच चार पदरांऐवजी एकाच पदरावर चालते आहे. इन्फिनिबँडच्या नेहमीच्या तारेत चार पदर असतात. प्लग नीट बसला नाही किंवा एखादा पदर खराब झाला, तर जोडणी तुटत नाही, एका पदरावर चालू राहते. सेकंदाला १०० गिगाबिटऐवजी २५. तिचे गणित ज्या यंत्रांवर पडे, त्यांच्या बोलण्याची वाट या तारेवरून गेली की नऊ दिवस लागत, नाही तर सहा.

दोष कळला तो एका मिनिटात. पण ‘तिसऱ्या पानाची सत्ताविसावी खाच’ हे यंत्राचे बोलणे झाले. कपाटामागे उभ्या असलेल्या माणसाला त्या जुडग्यातली नेमकी एक तार धरायची असते, आणि तिचे दुसरे टोकही शोधायचे असते. यंत्राला आपले सारे नाते-गोते तोंडपाठ असते. आपल्यासमोरच्या हाताला मात्र ते बोट दाखवून सांगू शकत नाही. तिथे चिठ्ठी लागते. त्या दिवशी चिठ्ठ्या होत्या, म्हणून समूह चालू ठेवून तार बदलता आली. मी रुजू झालो तेव्हा त्या नव्हत्या. तार शोधायची तर एक जण पुढून हलके ओढायचा आणि दुसरा मागून कोणती हलते ते पाहायचा. अशा ओढाओढीत शेजारची तार सैल होते, आणि कुणाचे तरी आठवडाभर चाललेले गणित मध्येच तुटते.

चिठ्ठी लावायची म्हटली की पहिला प्रश्न नावाचा. माणसाची स्वाभाविक ओढ उपयोगावरून नाव ठेवण्याकडे असते. ‘सरांचा सर्व्हर’, ‘नवीन मशीन’, ‘बॅकअपची तार’. आपल्या गावांतले पत्तेही असेच असतात. मारुतीच्या देवळामागे, पिंपळासमोर. पिंपळ पडला की पत्ता हरवतो. सर निवृत्त होतात, नवीन मशीन जुने होते आणि बॅकअपची तार दुसऱ्याच कामाला लागते. जागा मात्र बदलत नाही. म्हणून नाव जागेवरून ठेवायचे. कपाटाची उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, आणि नेहमीच्या कपाटात ४२ यू असतात. कपाट क्रमांक २, तळापासून सतरावे घर, खाच १, एवढे सांगितले की जगातला कोणताही तंत्रज्ञ न विचारता तिथे पोहोचतो.

खाचेच्या क्रमांकातही खोच असते. पुष्कळ स्विचांवर वरच्या ओळीत विषम आणि खालच्या ओळीत सम आकडे असतात. डावीकडून मोजत गेलेला माणूस पहिल्याच पावलाला चुकतो. काही कंपन्यांचे स्विच एकपासून मोजतात, तर काहींचे शून्यापासून. इन्फिनिबँड स्विचमध्ये शून्य क्रमांक स्विच स्वतःकडे ठेवतो आणि बाहेरच्या खाचा एकपासून सुरू होतात. शिवाय समोरून जे डावे ते मागून उजवे. म्हणून आमचा नियम असा, की पेटीवर निर्मात्याने जो आकडा छापला आहे तोच चिठ्ठीवर लिहायचा. आपल्या मनाने मोजायचे नाही.

दुसरी गोष्ट, चिठ्ठी दोन्ही टोकांना हवी आणि प्रत्येक चिठ्ठीवर दोन्ही टोकांचा पत्ता हवा. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. नुसत्या गट नंबरावर भागत नाही, शेजार सांगावा लागतो. तारेला दोनच सीमा असतात. ‘इकडे कपाट २, घर १७, खाच १, तिकडे कपाट २, घर ४०, खाच ९’ असे लिहिले असेल, तर एक टोक हातात धरून दुसरीकडे काय आहे ते वाचता येते. तार निसटून खाली लोंबत असली तरी ती कुठे परत लावायची ते तीच सांगते.

हा विचार वीजपुरवठ्याच्या तारांनाही लागू आहे. प्रत्येक यंत्राला विजेच्या दोन तारा असतात आणि त्या दोन वेगळ्या पट्ट्यांतून याव्यात असा हेतू असतो, म्हणजे एक पट्टी गेली तरी यंत्र चालू राहते. दोन्ही एकाच पट्टीत खोवल्या तर रोज सगळे ठीक दिसते आणि पट्टी बंद पडेल त्या दिवशीच कळते. चिठ्ठीवर दोन्ही पत्ते असतील, तर ही गफलत त्या दिवसाच्या आधी नुसत्या नजरेने सापडते.

तिसरी गोष्ट चिठ्ठीच्या कागदाची. एटीएमची पावती खिशात काही महिने राहिली की कोरी होते. तो उष्णतेने उमटणारा कागद असतो. तसल्या कागदाची चिठ्ठी कपाटामागच्या गरम हवेत लावली, तर गरज पडेपर्यंत तिच्यावरचे अक्षर उडालेले असते. म्हणून शाईच्या फितीने छापलेली चिठ्ठी हवी. तिला पारदर्शक शेपूट असते. ती गुंडाळली की अक्षरांवर कवच बसते. मजकूर दोन-तीनदा छापायचा, म्हणजे तार कशीही फिरली तरी एक ओळ डोळ्यांसमोर राहते. चिठ्ठी प्लगपासून चार बोटांवर लावायची. अगदी चिकटून लावली तर गर्दीत दिसत नाही, आणि लांब लावली तर जुडग्यात शिरते. रंग उपयोगी पडतात, पण जातीपुरते: व्यवस्थापनाच्या तारा निळ्या, साठवणीच्या पिवळ्या. रंग तार कोणत्या घराण्यातली ते सांगतो, तिचे नाव सांगत नाही. आणि लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसेही हे काम करतात. जुडगे बांधायला प्लॅस्टिकचे आवळपट्टे वापरू नयेत; ते तारेच्या आतल्या पिळाला चेपतात, आणि तार काढताना कात्री चालवावी लागते. वेल्क्रोची पट्टी बरी.

हे सगळे करायला वेळ किती लागतो? आपल्या ७२ यंत्रांच्या उदाहरणात प्रत्येक यंत्राला एक इन्फिनिबँडची, एक इथरनेटची, एक दूर-व्यवस्थापनाची आणि दोन विजेच्या अशा पाच तारा येतात. त्या झाल्या ३६०. पानांपासून बुंध्यांकडे जाणाऱ्या ७२ मिळवल्या की ४३२. टोके झाली ८६४. एका चिठ्ठीला दोन मिनिटे धरली तरी २९ तासांच्या आत काम होते, म्हणजे एका माणसाचे चार दिवससुद्धा नाहीत. ज्या यंत्रसंचाला वर्षानुवर्षे राबायचे आहे, त्याच्यासाठी चार दिवस. तरीही हेच काम राहून जाते, कारण निविदेत संगणकाची ओळ असते, स्विचची असते, तारांची असते, चिठ्ठ्यांची नसते. तारा ओढणारी मुले कंत्राटदाराची, रोजावरची. संध्याकाळी दिवे लागले की त्यांचे काम संपले असे धरले जाते. त्या घडीला कोणती तार कुठे गेली ते पक्के ठाऊक असलेली जगातली माणसे तीच असतात. त्यांच्याकडून ते लिहून घेतले नाही, तर ते ज्ञान त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून निघून जाते. इमारतीतल्या तारांच्या नोंदी आणि खुणा कशा ठेवाव्यात याचे मानक अमेरिकेत १९९३ साली निघाले आणि नंतर सुधारत गेले. तेव्हा रीत माहीत नाही असे नाही. तिच्यासाठी पैसे आणि वेळ मागण्याची सवय नाही.

एवढे करूनही एक धोका उरतो. चिठ्ठी नसलेली तार आपल्याला सावध तरी ठेवते. चुकीच्या चिठ्ठीवर आपण विश्वास टाकतो. म्हणून आमच्याकडे तारेची नोंद तीन ठिकाणी असते. एक तक्त्यात: कुठून, कुठे, केव्हा, कुणी. दुसरी चिठ्ठीवर. तिसरी जाळे स्वतः सांगते ती. इन्फिनिबँडला आपला नकाशा विचारता येतो. इथरनेटचे स्विच आणि यंत्रेही एका प्रमाणित भाषेत ‘मी अमुक, माझी ही खाच’ असे शेजाऱ्याला कळवत असतात. रोज पहाटे एक छोटा प्रोग्राम जाळ्याची साक्ष तक्त्याशी ताडून पाहतो आणि तफावत दिसली की कळवतो. चिठ्ठी मात्र तो वाचू शकत नाही. म्हणून तार हलवायचा क्रम ठरलेला आहे: आधी तक्त्यातली ओळ बदलायची, मग दोन नव्या चिठ्ठ्या छापायच्या, मग तार हलवायची, आणि शेवटी जाळ्याला विचारून खात्री करायची. निकामी झालेली तार तिथेच लोंबत ठेवायची नाही. ती हवा अडवते, आणि तिच्यावरचा जुना पत्ता कुणाला तरी फसवतो.

त्या विद्यार्थिनीचे गणित नंतर दर खेपेला सहा दिवसांत होऊ लागले आणि प्रबंध वेळेत गेला. तिच्या प्रोग्रामवरची शंकाही मिटली. मला त्यात हे महत्त्वाचे वाटते. जे यंत्र कधी सहा दिवस घेते आणि कधी नऊ, त्याच्या सोबतीने काम करणारा माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. दोष आपल्या विचारात आहे की कपाटामागे, हे ठरवता येणे हा संशोधकाचा हक्क आहे, आणि तो ८६४ चिठ्ठ्यांनी राखला जातो.

आमच्याकडे नवा सहकारी आला की त्याला तक्त्यातली एक ओळ देतो आणि सांगतो: या तारेची दोन्ही टोके दाखव, कोणतीही तार ओढायची नाही आणि मला काही विचारायचे नाही. बहुतेकांना चार-पाच मिनिटे लागतात. ज्याला जास्त लागतात, त्याने कुठे थबकून पाहिले ते मी लिहून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथली चिठ्ठी बदलतो.